आठ पायांचा रूम पार्टनर

माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी आलो होतो तेव्हाची गोष्ट. जेवणं झाली, भाषणं झाली, फोटो झाले आणि मी जुन्या सवयीने हॉस्टेलकडे वळलो. जिन्यात सेकंड इयरच्या तीन-चार पोरांनी गाठलं. "दादा, तुम्ही तिकडे अमेरिकेत कोळी पाळलाय ना? या ना वर, एक गंमत दाखवतो!"

गंमत म्हणजे बिस्किटांची एक रिकामी बरणी. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, तळाला मूठभर माती, आणि मातीवर तळहाताएवढा, तपकिरी, केसाळ कोळी. मागच्या गेटकडे जाणाऱ्या वाटेवर दरड आहे ना, तिथल्या बिळातून काडी घालून बाहेर काढलेला. चार दिवस झाले होते. "काहीच खात नाही हो दादा. काय द्यायचं याला? आणि हातावर कसा घ्यायचा ते पण सांगा."

त्या रात्री एक वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. पुढे मासिकाच्या संपादक मंडळाने "तेच सगळं लिहून द्या" म्हणून तगादा लावला. तर मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या रात्रीच्या गप्पा, थोड्या नीट लावून. बरणीचं काय झालं ते शेवटी सांगतो.

हा प्राणी आहे तरी कोण?

'टॅरांट्युला' हे नाव इटलीतल्या तारांतो शहरावरून आलं. गंमत अशी, की तिथला मूळ 'टॅरांट्युला' हा वेगळाच कोळी होता, लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. तो चावला की माणूस वेड्यासारखा नाचतो, अशी समजूत होती. पुढे युरोपातले लोक अमेरिका खंडात गेले, तिथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी तेच नाव याला चिकटवून टाकलं. आज आपण ज्याला टॅरांट्युला म्हणतो त्याचं कूळ थेराफोसिडी. त्यात हजाराच्या वर जाती आहेत.

सिनेमावाल्यांनी याला फुकट बदनाम केलंय. टॅरांट्युलाला विष असतं, हे खरं. पण या कुळातल्या कोळ्याच्या विषाने माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही. म्हणजे हे प्राणी निरुपद्रवी असतात असं मात्र नाही. इथे एक मोठा फरक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

अमेरिका खंडातले बहुतेक टॅरांट्युला शांत, संथ. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे पोटावरचे बारीक केस. चिडला की मागच्या पायाने हे केस खरवडून तुमच्याकडे उडवतो. ते अंगाला लागले की खाजकुइली लागल्यासारखं होतं, आणि डोळ्यांत गेले तर थेट डॉक्टर! आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरांट्युलांकडे हे केस नाहीत. त्यामुळे ते थेट चावतात, शिवाय चपळ असतात आणि त्यांचं विषही जास्त जोरदार. आपल्याकडच्या पोइसिलोथेरिया या झाडावर राहणाऱ्या जातींचा चावा झाला तर स्नायूंत पेटके येतात, कधी कधी कित्येक दिवस येत राहतात.

आता सांगा, बरणीतला कोळी कुठल्या गटातला? बरोब्बर. आणि पोरं तो हातावर घ्यायला निघाली होती!

माझी सुरुवात : म्हणजे कसं करू नये

मी २०१६ साली एम.एस. करायला अॅरिझोनात, टूसॉनला गेलो. सोनोरन वाळवंटातलं शहर. तिथेही जुलै ते सप्टेंबर पाऊस येतो आणि तिथले लोक त्याला चक्क 'मॉन्सून' म्हणतात. आपल्या पावसापुढे तो म्हणजे शिंतोडे, पण त्याच दिवसांत तिथले नर टॅरांट्युला माद्या शोधत बिळाबाहेर पडतात. पहिल्याच ऑगस्टमध्ये एक नर रस्ता ओलांडताना दिसला. गाडी थांबवून पाच मिनिटं बघत राहिलो. इतका शांतपणे, एकेक पाय उचलून टाकत चालला होता, की भीतीऐवजी कौतुकच वाटलं.

महिन्याभरात पाळीव प्राण्यांच्या दुकानातून एक 'रोझ हेअर' घेऊन आलो. ही चिलीची जात, ग्रामोस्टोला. कोल्हापूरकर रूममेटने तिचं नाव ठेवलं गुलाबो. नागपूरकराने जाहीर केलं, की गुलाबो स्वयंपाकघरात दिसली तर तो भाडं देणार नाही.

पहिली चूक : कोकणातला माणूस, मला वाटलं प्राणी म्हणजे ओलावा हवाच. रोज पाणी फवारून माती चिखल करून टाकली. गुलाबो दिवसरात्र काचेला चिकटून, जणू चवड्यांवर उभी. पाय ओल्या मातीला लागू नयेत म्हणून तिची धडपड चालली होती, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. माती कोरडी केली, बाई खाली उतरल्या.

दुसरी चूक सुधारता आली नाही. २०१७ ची दिवाळी. घरात पंधरा-वीस मंडळी, फराळ, पत्ते. कोणीतरी म्हणालं, "हातावर घेऊन दाखव ना!" मी फुशारकीत उभ्यानेच घेतली. कोणाच्या तरी मोबाईलचा फ्लॅश पडला, ती झर्रकन मनगटावरून वर सरकली, मी दचकलो आणि हात झटकला गेला. छातीच्या उंचीवरून ती फरशीवर पडली.

टॅरांट्युलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची, द्रवाने भरलेली पिशवी. ते फाटलं होतं. आम्ही मक्याचं पीठ लावून गळती थांबवायचा प्रयत्न केला. नागपूरकर, जो तिला कधी बघायलाही येत नसे, तो रात्री दोनपर्यंत टेबल लॅम्प धरून उभा होता. सकाळी ती गेलेली होती.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण एकच. टॅरांट्युलाला हातावर घेतल्याने त्याला काहीही मिळत नाही. तो माणसाळत नाही, तुम्हाला ओळखत नाही, त्याला लाड कळत नाहीत. ती सगळी हौस आपली, आणि किंमत मात्र त्याची. हा बघण्याचा प्राणी आहे, खेळण्याचा नाही. एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी हा लेख वाया गेला नाही असं मी समजेन.

दुसऱ्यांदा : म्हणजे कसं करावं

सहा महिने मी काही आणलं नाही. मग वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि २०१८ मध्ये एका प्रजनन करणाऱ्याकडून तिथल्याच वाळवंटातल्या जातीचं, 'अॅरिझोना ब्लाँड'चं, अर्धवट वाढलेलं पिल्लू घेतलं. शास्त्रीय नाव अफोनोपेल्मा चॅल्कोडिस. चालणं इतकं संथ, की नाव पडलं 'आज्जी'. ती आजही माझ्याकडे आहे. तिच्या अनुभवावरून क्रमाने सांगतो.

१) जात. नवशिक्याने अमेरिका खंडातलीच, जमिनीवर राहणारी, संथ जात घ्यावी. रोझ हेअर, मेक्सिकन रेड नी, कर्ली हेअर, अॅरिझोना ब्लाँड ही नेहमीची नावं. आणि प्राणी माणसाच्या देखरेखीत जन्मलेलाच हवा, जंगलातून पकडलेला नको. मेक्सिकन रेड नी पाळण्यासाठी इतक्या पकडल्या गेल्या, की १९८५ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराखाली आणावा लागला.

२) घर. मोठं घर म्हणजे चांगलं घर, हे इथे लागू नाही. पाय पसरल्यावर कोळी जेवढा भरतो त्याच्या साधारण तिप्पट लांबी आणि दुप्पट रुंदी पुरे. महत्त्वाची आहे ती उंची. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. कारण तो काच चढणारच, आणि पडला तर कमी उंचीवरून पडावा. झाकण घट्ट बसणारं, अडकवता येणारं हवं. बाजूला हवेसाठी बारीक भोकं. जाळीचं झाकण टाळा, पायांच्या नख्या त्यात अडकतात.

३) तळ. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, खत न मिसळलेलं. चार ते सहा इंच जाडीचा थर, थोडा दाबून. वाळवंटी जातीला कोरडाच ठेवा. एक फुटकी कुंडी आडवी अर्धी पुरली की झालं बीळ. एक उथळ पाण्याची वाटी, रोज स्वच्छ पाणी. वाटीत स्पंज ठेवू नका, तो कुजतो.

४) तापमान. तुम्ही ज्या खोलीत आरामात बसू शकता त्या खोलीत तोही बसतो. २० ते २७ अंश सेल्सियस उत्तम. दिवा, हीटर, गरम दगड वगैरे काही नको. उन्हात मात्र कधीही ठेवू नका, काचेची पेटी म्हणजे भट्टीच.

५) खाणं. रातकिडे, पाळलेली झुरळं, पिठातल्या किड्यांच्या अळ्या. भक्ष्य त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा पुरतं. चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा बाहेर काढा. "मेसमध्ये झुरळांची काय कमी!" असं एक जण त्या रात्री म्हणालाच. पण मेसमधल्या झुरळावर फवारा मारलेला असतो, आणि ते विष कोळ्यालाही मारतं. त्याच कारणाने टॅरांट्युलाच्या खोलीत डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे कधीही मारायचा नाही. हॉस्टेलला सुट्टीत औषध फवारणी होते, हे ध्यानात घ्या.

६) उपास. टॅरांट्युला महिनोन्‌महिने खात नाही. पोट भरलेलं गोल दिसतंय आणि वाटीत पाणी आहे, तर काळजी नको. मी तीन आठवडे घरी आलो होतो तेव्हा आज्जीला फक्त पाणी ठेवायला शेजाऱ्याला सांगितलं होतं. येऊन बघतो तर बाई होत्या तिथेच बसलेल्या!

उलटा पडला म्हणजे मेला का?

२०१९ च्या उन्हाळ्यात एक दिवस लॅबमधून आलो तर आज्जी पाठीवर पडलेली, आठही पाय वर. नागपूरकर हातात कचऱ्याची पिशवी घेऊन उभा. "गेली रे बाबा. मी टाकणारच होतो, म्हटलं तुला शेवटचं बघू दे." तो पाच मिनिटं थांबला नसता तर तिला जिवंतच कचऱ्यात टाकलं असतं.

ती कात टाकत होती. टॅरांट्युलाचं बाहेरचं कवच वाढत नाही, त्यामुळे वाढायचं तर जुनं कवच सोडावं लागतं. लहान पिल्लं वर्षातून अनेकदा टाकतात, मोठी वर्ष-दोन वर्षांतून एकदा. आधी काही आठवडे खाणं बंद होतं, रंग फिका पडतो, पोटावर टक्कल असेल तर तो भाग काळपट होतो. मग पाठीवर पडून काही तासांत तो जुन्या कवचातून स्वतःला ओढून काढतो. या वेळी हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, पेटी हलवायची नाही. आणि आत जिवंत किडा असेल तर आधी काढायचा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडासुद्धा कुरतडतो. नवे सुळे आधी पांढरे, मग लाल, मग काळे होतात. पूर्ण काळे झाल्याशिवाय खायला द्यायचं नाही. मोठ्या कोळ्याला यासाठी दीड-दोन आठवडे लागतात.

मग मेलेला कसा ओळखायचा? इथे आपलं इंजिनिअरिंग उपयोगी पडतं. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना पाय आत ओढणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीत. पाय सरळ होतो तो शरीरातला द्रव दाबाने आत ढकलल्यामुळे. म्हणजे चक्क हायड्रॉलिक्स! दाब गेला की स्नायूंचा ओढा उरतो आणि पाय पोटाखाली आवळले जातात. म्हणून पालथा आणि पाय आवळलेला कोळी म्हणजे धोका : एक तर तो मेलाय, नाहीतर पाण्यावाचून मरायला टेकलाय. उताणा आणि पाय पसरलेला म्हणजे बहुधा कात. याच तत्त्वावर २०२२ मध्ये राईस विद्यापीठातल्या यांत्रिकी अभियंत्यांनी मेलेल्या लांडगा-कोळ्याच्या शरीरात सुईने हवा भरून त्याच्या पायांचा चिमटा करून दाखवला. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर अवघड गेलेल्यांनी यावर विचार करावा.

त्या टाकलेल्या कातीवरून आज्जी मादी आहे हे कळलं. कात ओली असतानाच पोटाचा आतला भाग पसरून भिंगाखाली बघतात. आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वीस वर्षांचा हिशोब

नर टॅरांट्युला शेवटची कात टाकून वयात आला, की साधारण वर्षभरच जगतो. मादी मात्र जातीनुसार वीस वर्षं, त्याहूनही जास्त. म्हणजे मी घेतलेला प्राणी माझ्या पहिल्या नोकरीपेक्षा, पहिल्या गाडीपेक्षा, कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या घरापेक्षाही जास्त टिकणार होता. नोकरी लागून फिनिक्सला गेलो तेव्हा तिला झाकणाच्या डब्यात, ओलसर टिश्यू घालून, गाडीत एसी लावून नेलं. लग्न ठरताना मुलीला दुसऱ्याच फोनमध्ये सांगितलं, "माझ्यासोबत एक आज्जी राहते." तिला वाटलं खरीच आज्जी. पुढचं संभाषण छापण्यासारखं नाही.

हॉस्टेलमध्ये तुमची चार वर्षं. त्यानंतर कुठे, हे तुम्हालाच माहीत नाही. म्हणून "सुरुवात कशी करायची" या प्रश्नाचं पहिलं उत्तर पेटी किंवा कोकोपीट नाही. पुढची वीस वर्षं याचं कोण करणार, हे आधी ठरवा. उत्तर नसेल तर थांबा. थांबण्याने कोळ्याचं काही बिघडत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण रेक्टर सर हे वाचणार आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साइट्स यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपल्या पोइसिलोथेरिया जाती २०१९ पासून त्या यादीत आहेत. यातलीच एक, निळाशार गुटी टॅरांट्युला, आंध्रातल्या जंगलाच्या एका छोट्या तुकड्यात तेवढी उरली आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून तर कुठलाच जीव उचलून आणता येत नाही. आणि हॉस्टेलच्या खोलीत प्राणी ठेवायची परवानगी नसेल, तर तो लपवून ठेवणं म्हणजे कधीतरी कोणीतरी झाडूने मारणार, हे ठरलेलंच.

आणि ती बरणी?

हे सगळं ऐकून पोरं गप्प झाली. मग ज्याने कोळी पकडला होता तो म्हणाला, "दादा, म्हणजे हा उपाशी मरणार?" मी म्हटलं, उपाशी नाही रे, त्याआधी पाण्यावाचून मरेल. बरणी आडवी केली, लांब चमच्याने पाण्याचं एक झाकण आत सरकवलं. दहा मिनिटांनी तो हळूच पुढे आला आणि तोंड पाण्यात घालून तसाच बसून राहिला. कितीतरी वेळ. कोणी बोललं नाही.

पहाटे सहाला आम्ही पाच जण त्या दरडीकडे गेलो. ज्याने पकडला होता त्याला बीळ नेमकं आठवत होतं. तोंडाशी रेशमाचं अस्तर अजून शाबूत होतं. बरणी बिळासमोर आडवी ठेवून झाकण काढलं आणि मागे सरकलो. आधी काहीच नाही. मग एक पाय बाहेर, मग दुसरा, आणि पुढच्या क्षणी तो आत! डोळ्याचं पातं लवायच्या आत. "बाप रे," एक जण म्हणाला, "आणि मी याला हातावर घेणार होतो."

तेव्हा मित्रांनो, टॅरांट्युला बघायचाच असेल तर पाऊस सुरू झाल्यावर रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन त्या दरडीपाशी जा. चार हात लांब उभे राहा, काडी घालू नका. बिळाच्या तोंडाशी दोन पाय दिसतील. पेटी नको, खर्च नको, परवानगी नको. माझ्या मते तुमच्यासाठी सुरुवात करायची ती इथूनच.

फक्त रात्री दहाच्या आत परत या. रेक्टर सर वाचतायत!